वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची स्वमग्नता

मागील अंकात मुलांच्या वाढीतील अडचणींविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे स्वमग्नतेविषयी, म्हणजे ऑटिझमविषयी होती आणि त्यांतील बहुतेकांत कोणत्या ना कोणत्या चित्रपटाचा किंवा मालिकेचा उल्लेख होता. ज्या तालुक्यात बालमानसतज्ज्ञ महिन्यातून एकदाही येत नाही, तेथे लोकांची या स्थितीशी पहिली ओळख पडद्यावरच व्हावी, यात नवल नाही. म्हणून या वेळी त्याच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान मागच्या वर्षी झाले. तो मोजकेच शब्द बोलतो. पिठाच्या गिरणीजवळून जाताना माझा पदर घट्ट धरतो, पण हातपंपाचे पाणी पडत असले की तेथून हलत नाही. नातेवाईक आले की एकच विचारतात, ‘मंग याले पाढे येतात काय? तारखा सांगते काय?’ त्यांनी कुठल्याशा सिनेमात तसे पाहिले आहे. खरे सांगायचे तर आम्हीही वर्षभर त्याच्यात काहीतरी विशेष शोधत राहिलो आणि ते सापडले नाही. आमचे कुठे चुकते आहे का? — एक आई, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही. ही अपेक्षा बऱ्याच अंशी एका चित्रपटाने जगभर पेरलेली आहे. १९८८ साली आलेल्या ‘रेन मॅन’ या अमेरिकी चित्रपटात डस्टिन हॉफमन यांनी रेमंड नावाच्या स्वमग्न माणसाची भूमिका केली. जमिनीवर सांडलेल्या टूथपिक एका नजरेत मोजणारा, पत्त्यांच्या डावात निघून गेलेली पाने लक्षात ठेवणारा, विमान अपघातांचे तपशील तोंडपाठ असलेला हा माणूस प्रेक्षकांच्या मनात घर करून बसला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि मूळ पटकथा अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. ज्यांनी तोवर ऑटिझम हे नावही ऐकले नव्हते अशा असंख्य लोकांपर्यंत ते पोहोचले, हे या चित्रपटाचे श्रेय कोणी नाकारू नये. मात्र ते पोहोचले रेमंडचा चेहरा घेऊन, आणि पुढे कितीतरी लेखकांनी त्याच चेहऱ्याच्या प्रती काढल्या.

पटकथाकार बॅरी मॉरो यांना ज्या माणसावरून ही कथा सुचली, ते युटा राज्यातील किम पीक स्वमग्न नव्हतेच, असे तज्ज्ञांचे मत पुढे झाले, ही यातली गंमत. त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा जन्मापासूनच नव्हता. हजारो पुस्तकांतील मजकूर त्यांच्या स्मरणात होता, पण सदऱ्याची बटणे लावताना त्यांना अडचण येई आणि रोजच्या कामांत वडिलांचा आधार लागे. म्हणजे तुमचे पाहुणे ज्या गुणाची चौकशी करतात, तो मुळात दुसऱ्याच स्थितीतील माणसाकडून उचललेला आहे. काही स्वमग्न व्यक्तींमध्ये असाधारण क्षमता असते, हे खरे आहे. नेहमी सांगितला जाणारा जुना अंदाज दहांत एक असा आहे. त्यातही बहुतेकांची क्षमता टूथपिक मोजण्याइतकी डोळे दिपवणारी नसते. उरलेल्या नऊ जणांवर सहसा कोणी चित्रपट काढत नाही, आणि तुमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांनी चित्रपटच पाहिलेला असतो.

त्याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे, जो टूथपिकांइतका लोकांच्या लक्षात राहिला नाही. धाकटा भाऊ चार्ली न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडतो आणि रेमंड किंचाळून स्वतःचे डोके बडवू लागतो. चार्ली तान्हा असताना गरम पाण्याने भाजता भाजता वाचला होता आणि त्याच भीतीपोटी घरच्यांनी रेमंडला दूर संस्थेत पाठवले होते, हे चार्लीला तेव्हा उमगते. वागण्यामागे कारण असते आणि शोधले तर ते सापडते, एवढे त्या दोन-चार मिनिटांत दिसते. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील हाच भाग सर्वांत खरा आहे. पडद्यावरील स्वमग्नतेविषयी माझी मुख्य तक्रारही येथूनच सुरू होते : बहुतेक ठिकाणी वागणे दाखवले जाते आणि कारण गाळले जाते.

तुम्ही गिरणी आणि हातपंप यांविषयी जी दोन वाक्ये सहज लिहिली आहेत, ती मला पाढ्यांपेक्षा मोलाची वाटतात. कोणता आवाज त्याला टोचतो, कोणता सुखावतो, कोणत्या वस्तूसाठी तो तुमचा हात धरून नेतो, याची एका वहीत नोंद ठेवावी आणि जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ती दाखवावी. हवे-नको सांगण्यासाठी चित्रांची कार्डे वापरायला त्याला शिकवता येईल का, हेही तेथे विचारावे. बोलणे उशिरा आले तरी सांगणे त्याआधी सुरू होऊ शकते. पाहुण्यांना मात्र तुमच्याच बोलीत सरळ सांगावे : ‘पाढे नाही येत त्याले. दारात हॉर्न नका वाजवू, तेवढं करा.’

प्रश्न : ‘तारे जमीन पर’मधील ईशान, ‘कोई... मिल गया’मधील रोहित आणि आपल्या ‘चौकट राजा’तील नंदू हे सर्व ऑटिझमचेच प्रकार समजावेत काय? शिक्षकांच्या बैठकीत यावरून वाद झाला. — एक शिक्षक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : तिघांपैकी एकही नाही. २००७ च्या चित्रपटातील ईशानला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण आहे. १९९१ च्या ‘चौकट राजा’त दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेला नंदू लहानपणीच्या अपघातामुळे बौद्धिक वाढ खुंटलेला आहे, आणि रोहितचीही अडचण बौद्धिक वाढीचीच आहे. २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असल्याने येणारी स्थिती), ऑटिझम, बौद्धिक अक्षमता अशा वेगवेगळ्या स्थिती एकाच बास्केटबॉल संघात आहेत; मात्र त्या भूमिका तशाच स्थितीत जगणाऱ्या दहा कलाकारांनी केल्या आहेत. मराठीत ही वाट ‘यलो’ने २०१४ मध्येच दाखवली होती, डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने त्यात स्वतःचीच भूमिका केली. शाळेत हा फरक कागदापुरता राहत नाही, कारण ईशानला अक्षरे शिकवण्याची निराळी पद्धत हवी असते, तर स्वमग्न मुलाला वाचता येत असूनही मधल्या सुट्टीतील गोंगाट असह्य होऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही २१ प्रकारांमध्ये या स्थिती स्वतंत्रपणे नोंदलेल्या आहेत. रोहितबाबत एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. परग्रहावरून आलेला पाहुणा त्याला बरे करतो आणि मगच तो नायक ठरतो. आपल्याकडे नवस, गंडे आणि हमखास इलाज सांगणारे भोंदू वैद्य यांच्या मागे फिरणाऱ्या घरांना असल्या कथेने फार धीर येतो, आणि तेच मला खटकते.

प्रश्न : मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी नाटके लिहितो. येत्या हंगामाच्या नाटकात नायकाचा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. कंपनीच्या मालकांचे म्हणणे असे, की रात्रभराच्या नाटकाला कॉमेडी लागतेच, तेव्हा याच भावाला कॉमेडीचे पात्र करावे. हात फडफडवणे आणि तेच ते बोलणे यांना हमखास हशा येतो. मला ते पटत नाही. पण भाऊ नुसता दयनीय केला, तर प्रेक्षक उठून चहाच्या टपरीवर जातील, हेही मला ठाऊक आहे. काय करावे? — एक नाटककार, देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : तुमचे पत्र सर्वांत आनंद देऊन गेले, कारण मंडईतल्या, म्हणजे तुमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या नाटकासमोर जेवढी माणसे थंडीत पहाटेपर्यंत बसतात, तेवढी या मासिकाला लाभत नाहीत. मालकांची मागणी मी धुडकावणार नाही. हशा राहू द्यावा. तो कोणाच्या बाजूने उठतो, हे लेखकाच्या हातात असते. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना नेमका हाच भेद केला. न्यायालयाने चित्रपटाविरुद्ध कारवाईचा आदेश दिला नाही, मात्र अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला हिणवणारा विनोद हे वेगळे आहेत, असे स्पष्ट केले. लेखक-दिग्दर्शकांनी त्या स्थितीची वैद्यकीय माहिती नीट घ्यावी आणि अपंग व्यक्तींच्या संघटनांशी बोलावे, अशी अपेक्षाही व्यक्त केली.

आता तुमच्या नाटकाकडे वळू. तेच ते बोलणे हा तुम्हाला हशाचा भाग वाटतो, पण स्वमग्न व्यक्ती ऐकलेली वाक्ये पुन्हा पुन्हा उच्चारते, तेव्हा त्या वाक्याला पुष्कळदा तिच्यापुरता पक्का अर्थ असतो. समजा, तुमच्या या भावाने एस.टी.च्या वाहकाचे ‘चला, पुढे सरका’ हे वाक्य उचलले आहे. पहिल्या अंकात पाहुण्यांनी घर भरले की तो ते म्हणतो आणि लोक हसतात. दुसऱ्यांदा तो सावकाराच्या तोंडावर तेच म्हणतो, तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानात येते, की कोंडल्यासारखे झाले की हा असे बोलतो. आता हशा त्याच्या बाजूने आणि सावकाराच्या अंगावर जातो. तिसऱ्या अंकात थोरला भाऊ हातपाय गाळून बसलेला असताना याने जवळ येऊन ‘चला, पुढे सरका’ म्हटले, तर कोण चहाला उठेल? वाक्य एकच राहिले, फक्त त्याचे कारण प्रेक्षकांच्या हाती दिले गेले.

आवाजाचेही तसेच आहे. लग्नाच्या प्रसंगात बँड सुरू होताच भाऊ कान झाकून बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली शिरतो, असे तुम्ही लिहिले आहे. नुसते असे दाखवले, तर तो विक्षिप्त दिसणार. तुमच्याकडे वादक हजर असतात, ध्वनिव्यवस्थाही असते. तिचा उपयोग करावा. त्याआधीच्या प्रवेशात भाऊ एकटा असताना भांड्यांचा खणखणाट, शेतातल्या मोटारीची घरघर, कुत्र्याचे भुंकणे हे साधेसुधे आवाज एकेक करून इतके चढवत न्यावेत, की पुढच्या रांगेतल्या माणसाचा हात आपसूक कानाकडे जावा. मग एकदम शांतता आणि त्यानंतर बँड. बंडीखाली जाणे आता सर्वांनाच शहाणपणाचे वाटेल.

चित्रपटाने हे करून दाखवले आहे. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकेतील स्वमग्न विदुषी गुरांच्या वागणुकीच्या तज्ज्ञ आणि कोलोरॅडो राज्य विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्यांच्या जीवनावर २०१० मध्ये त्यांच्याच नावाचा दूरचित्रवाणी चित्रपट निघाला, ज्यात क्लेअर डेन्स यांनी त्यांची भूमिका केली. शब्द ऐकताच त्यांच्या मनात उमटणारी चित्रे तेथे पडद्यावर दिसतात. प्रेक्षक बाहेर उभा राहून त्यांच्याकडे पाहत नाही, त्यांच्या डोळ्यांनी पाहतो. गुरे चिंचोळ्या वाटेत का अडतात, हे कळावे म्हणून त्या स्वतः त्या वाटेत उतरल्या आणि लोंबणारी साखळी, कठड्यावर टाकलेला कोट, जमिनीवरची सावली यांना जनावर बिचकते, हे त्यांनी मालकांना दाखवून दिले. पाण्यातल्या सावलीला बिचकून उभा राहिलेला बैल ज्यांनी हाकलला आहे, त्या तुमच्या प्रेक्षकांना हा प्रवेश समजावून सांगावा लागणार नाही.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. भावाचा तोल गेला असता चार जणांनी त्याला जमिनीवर दाबून धरणे हे मायेचे लक्षण म्हणून दाखवू नये. २०२१ मध्ये गायिका सिया यांच्या ‘म्युझिक’ या चित्रपटावर याच कारणावरून मोठी टीका झाली आणि त्यांना माफी मागावी लागली. पालथे पाडून दाबल्याने श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. आणि शेवटच्या अंकात दोन घराण्यांचे मनोमिलन व्हावे म्हणून त्याला मारू नये. पडद्यावर अशा पात्राचे काम पुष्कळदा दुसऱ्याला सुधारण्यापुरतेच उरते, आणि ‘रेन मॅन’मध्येही शेवटी बदलतो तो चार्ली, रेमंड जेथून आला त्याच संस्थेत परत जातो. तुमच्या नायकाच्या भावाला स्वतःचे काहीतरी हवे असू द्या, मग ते दर बुधवारच्या बाजारातले एखादे पाळण्याचे चक्र का असेना. तालमीला तालुक्यातील एक-दोन स्वमग्न तरुणांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलवावे, त्यांचे ऐकून संवाद बदलण्याची तयारी ठेवावी, आणि जाहिरातीच्या गाडीवरील भोंग्यातून त्या पात्राचा ‘येडा’ असा उल्लेख होणार नाही, एवढे मालकांकडून आधीच कबूल करून घ्यावे.

प्रश्न : सिनेमात ऑटिझम असलेले पात्र म्हणजे बहुधा मुलगाच का? माझ्या अंगणवाडीत एक मुलगी आहे. शांत बसते, एकाच बाहुलीचे केस रोज त्याच क्रमाने विंचरते, इतर मुली जे करतील ते थोड्या वेळाने करते. सगळे तिला गुणाची पोर म्हणतात. मला मात्र शंका येते. — एक अंगणवाडी सेविका, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : निदान झालेल्यांमध्ये मुलींच्या तुलनेत मुलांची संख्या सुमारे चौपट असल्याचे अनेक वर्षे मानले जाई, आणि लेखकांनीही तेच गृहीत धरले. पुष्कळ मुली इतरांची नक्कल करून आपली अडचण झाकतात आणि त्यामुळे त्यांचे निदान राहून जाते किंवा फार उशिरा होते, हे आता अधिक स्पष्ट झाले आहे. आपल्याकडे तर मुलीचे गप्प राहणे हा दोष न ठरता संस्कार ठरतो. तुमची शंका म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

पडद्यावर अपवाद आहेत. २०१२ च्या ‘बर्फी!’मध्ये प्रियांका चोप्रा यांनी झिलमिल ही स्वमग्न तरुणी रंगवली. तिचा अभिनय मला काही ठिकाणी बालिश वाटतो, पण एका गोष्टीसाठी मी त्या चित्रपटाला मानतो. नायक बर्फी माणसांची परीक्षा पाहण्यासाठी त्यांचा हात धरून कापलेल्या दिव्याच्या खांबाखाली उभा राहतो. इतर जण खांब पडताना हात सोडून पळतात आणि झिलमिल तेथेच उभी राहते. प्रेम करणारी आणि निवड करणारी स्त्री म्हणून तिला स्थान मिळते, जे हिंदी चित्रपटाने तोवर क्वचितच दिले होते. २०२२ ची ‘एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू’ ही दक्षिण कोरियातील मालिका एका स्वमग्न वकील तरुणीची आहे. ती असामान्य बुद्धीची आहे, म्हणजे पुन्हा रेमंडचीच सावली. पण कचेरीच्या गोल फिरणाऱ्या दारातून आत जाणे तिला जमत नाही आणि एक सहकारी तिला नाचाच्या ठेक्यावर पावले मोजत त्यातून जायला शिकवतो, हा प्रसंग कोणत्याही प्रशिक्षणवर्गात दाखवावा असा आहे. तिसऱ्या भागात तर ज्याला रोजच्या जगण्यातही खूप आधार लागतो, असा स्वमग्न तरुण तिचा अशील होतो, आणि सगळेच तिच्यासारखे नसतात, हे मालिका आपणहून कबूल करते.

तुमच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा येते. त्यांच्या तपासणीत वाढीतील विलंब आणि ऑटिझम हे दोन्ही बसतात. पथकाकडे तोंडी सांगण्याऐवजी बाहुलीचा तो क्रम, हाक मारल्यावर ती केव्हा पाहते आणि केव्हा पाहत नाही, हे चार ओळींत लिहून द्यावे, कारण पाच मिनिटांच्या तपासणीत ती मुलगी गुणाचीच दिसणार. घरच्यांशी बोलताना मात्र निदानाचे नाव तुम्ही घेऊ नये. ते काम डॉक्टरांचे आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. मला ऑटिझम असल्याचे गेल्या वर्षी कळले. एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. ‘द गुड डॉक्टर’ ही मालिका मला आवडते. सोबतचे लोक तिच्यातील ‘मी सर्जन आहे’ असे ओरडण्याची चित्रफीत मला मोबाइलवर पाठवतात आणि हसतात. काही जण म्हणतात की, नट स्वतः ऑटिस्टिक नाही, म्हणून ती मालिका खोटी आहे. मी ती पाहू नये का? — एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : अवश्य पाहा. २०१७ ते २०२४ या काळात चाललेली ही मालिका २०१३ च्या कोरियन मालिकेवरून घेतलेली आहे. शॉन मर्फी या स्वमग्न सर्जनची भूमिका करणारे फ्रेडी हायमोर स्वतः स्वमग्न नाहीत, हे खरे. अशा भूमिका स्वमग्न कलाकारांना मिळाव्यात, ही मागणी मला रास्त वाटते. २०२० मध्ये ‘एव्हरीथिंग्ज गॉना बी ओके’ या मालिकेत केयला क्रोमर या स्वमग्न अभिनेत्रीला तशी भूमिका मिळालीही. पण तुम्हाला शॉनमध्ये स्वतःचे काही दिसत असेल, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

त्या चित्रफितीबद्दल मात्र सहकाऱ्यांना सांगण्यासारखे आहे. नवा विभागप्रमुख शॉनला शस्त्रक्रियेच्या कामावरून काढून पॅथॉलॉजीत पाठवतो, ज्या कामासाठी त्याने सारे आयुष्य झटून तयारी केली ते त्याच्या हातून जाते, आणि त्यानंतर तो ओरडतो. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यात ते आधीचे सगळे कापलेले आहे. पुढच्या वेळी ती चित्रफीत आली, तर तो पूर्ण भाग कोणता आहे, हे त्यांना कळवा; तरीही थांबले नाहीत, तर जिनिंगच्या व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार द्या आणि तिला आलेले संदेश जोडा. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणे हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ नुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, ही गोष्ट तक्रारीत शेवटी एका ओळीत लिहिली, तरी चालेल. दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढले नसेल, तर हंगाम सुरू होऊन तुम्हाला सुट्टी मिळेनाशी होण्याआधी जिल्हा रुग्णालयात अर्ज करून ठेवावा.